माणूस बसंल एवढं पाणी

आमचे शेजारी शमुवेलमामा पाणी लिटरमध्ये मोजत नाहीत, माणसांत मोजतात. परंड्यात कुणी शेततळं खणलं, हौद बांधला, की मामा काठावर उभे राहून निकाल देतात, "बसतंय एक माणूस." म्हणजे तिथं बाप्तिस्मा होऊ शकतो. माझ्या गच्चीवर नवी टाकी आली तेव्हा आत डोकावून ते हळहळले, "न्हाय बसत, सर." मी हिंदू. तरी उगाच ओशाळलो.

मामांनी जन्मभर विहिरींवरच्या मोटरी दुरुस्त केल्या. त्यांची मंडळी, म्हणजे त्यांचं चर्च, प्रोटेस्टंट. माणसानं कळत्या वयात, स्वतः कबूल होऊन, पाण्यात पुरतं बुडून बाप्तिस्मा घ्यावा, असं या चर्चचं म्हणणं. तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी ओतलं तर मामांच्या भाषेत ती "नुसती ओल."

आणि त्यांच्या एकुलत्या एक मुलीनं, रूथनं, लग्न ठरवलं ते धाराशिवच्या कॅथलिक मुलाशी. फादर तिला पुन्हा बाप्तिस्मा घ्यायला लावणार, या खात्रीनं मामा बायबलात खुणा घालून भांडणाच्या तयारीला लागले. फादर म्हणाले, पाणी होतं, पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याचं नाव घेतलं होतं, मग झाला की बाप्तिस्मा, पुन्हा कशाला? मामांचा चेहरा पडला.

"त्यांला आमचा चालतोय अन् आमाला त्यांचा चालत न्हाय. आता भांडावं कुणाशी?"

यंदा हिवाळ्यात रूथच्या तान्ह्या मुलीचा बाप्तिस्मा ठरला. जी गोष्ट होणारच नाही ती बघायला कशाला जायचं, असं म्हणून मामा अडून बसले. रूथ फोनवर रडली. मामी गेल्यापासून तिचं माहेर म्हणजे हा एवढा एकच माणूस. मला मामांचा मनापासून राग आला.

बाप्तिस्म्याच्या दिवशी सकाळी मामा माझ्या दारात उभे. इस्त्रीचा सदरा, हातात थर्मास. धाराशिवच्या एसटीत त्यांनी थर्मास मांडीवरून खाली ठेवला नाही. चर्चमध्ये त्यांनी थर्मास फादरांपुढं धरला. "ह्यो बाप्तिस्मा न्हाय, फादर. पण थंडी लई हाय. पाणी कोमट घ्या."

फादरांनी हसून तेच पाणी घेतलं. बाळ रडलं नाही, रूथ मात्र रडली.

जेवताना मी हळूच विचारलं, मग झाला का बाप्तिस्मा? मामा नातीची टोपी नीट करत होते.

"न्हाय. मोठी हून सोता इचारंल, तवा बघू. तवर मला ऱ्हावं लागंल."

मामी गेल्यापासून मामांनी दवाखान्याची पायरी चढली नव्हती. परतताना स्टँडवर ते म्हणाले, "सर, उद्या डॉक्टरकडं येता का संगं? बीपी तपासून घ्यावं म्हंतो."