नमस्कार, भित्रा ससा!

ग्रंथालयाची वेबसाइट सुरू झाली त्याच सकाळी अध्यक्ष तरातरा आत आले आणि त्यांनी आपला मोबाइल ग्रंथपालांच्या नाकासमोर धरला.

"वाचा! मोठ्यानं वाचा!"

ग्रंथपालांनी चष्मा सारखा केला. "नमस्कार, भित्रा ससा!"

"उभी हयात सैन्यात गेली माझी. आणि तुमची वेबसाइट मला ससा म्हणते?"

"तुम्ही नातवासाठी त्या नावाचं पुस्तक नेलंय ना..."

"नेलंय! म्हणून ससा झालो मी?"

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे दाताचे डॉक्टर होते आणि दवाखान्यातल्या मोठ्या पडद्यावर, सगळ्या पेशंटांदेखत, वेबसाइटने त्यांचं स्वागत केलं होतं: 'नमस्कार, डॉक्टरांपासून दूर राहा!' दोन पेशंट उठून गेलेसुद्धा. मग खाणावळवाल्या बाई आल्या. त्यांनी 'विषबाधा: लक्षणे आणि उपाय' हे पुस्तक का नेलं होतं, ते आता त्या आल्यागेल्याला समजावून सांगत होत्या आणि जितकं समजावत होत्या तितकं गिऱ्हाईक कमी होत होतं.

ग्रंथपाल संतापले. त्यांचा संताप बाहेर कुणाला दिसत नसे; फक्त कान लाल होत. कोण काय वाचतं हे ग्रंथपालाने बायकोलाही सांगू नये, असं त्यांचं तत्त्व होतं. बायको होती तोवर तिनेही ते कधी विचारलं नव्हतं. आणि आज साऱ्या गावाची गुपितं चव्हाट्यावर! वेबसाइट केली होती त्यांच्याच सुनेने, एक पैसा न घेता. त्यामुळे ओरडायचीही पंचाईत.

ते तसेच घरी गेले. सून बैठकीच्या खोलीत खिडकीपाशी, टेबलावर कॉम्प्युटर मांडून बसली होती. गेल्या महिन्यापर्यंत तिथे त्यांच्या पुस्तकांची खोकी होती. टेबल आलं आणि खोकी गॅलरीत गेली. ग्रंथपाल तेव्हा एक शब्द बोलले नव्हते, पण कान अजून पुरते निवले नव्हते.

"तक्रारींच्या मेल बघितल्या, बाबा. माझीच चूक आहे," ती म्हणाली. "सभासदांच्या तक्त्यात 'नाव' असा रकाना आहे आणि पुस्तकांच्या तक्त्यातही 'नाव'च. दोन्ही जोडून मी डेटाबेसमधून एकेक ओळ मागवली आणि प्रत्येक ओळीचा ऑब्जेक्ट केला. ऑब्जेक्ट म्हणजे कप्प्यांची पेटी समजा. एका नावाचा कप्पा एकच. आधी माणसाचं नाव पडलं, मागून पुस्तकाचं आलं आणि त्याच कप्प्यात जाऊन बसलं."

"आणि आधीचं?"

"गेलं."

"म्हणजे मागून आलेल्याने आधीच्याला बाहेर काढलं? न विचारता?"

"न विचारता."

"वा!" ग्रंथपाल गॅलरीकडे बघत म्हणाले. "छान पद्धत आहे."

सुनेचं लक्ष पडद्याकडे होतं. "बदलायच्या आधी एकदा चूक नीट बघून घेते. तुमचंच खातं उघडू?"

ग्रंथपाल घाईघाईने पुढे झाले. "माझं नको!"

"का?"

"मी... मी तिथला ग्रंथपाल आहे."

"पण सभासदही आहातच की." तिने त्यांचा सभासद क्रमांक टाकलासुद्धा.

पडद्यावर ठळक अक्षरं उमटली: 'नमस्कार, वृद्धाश्रम कसा निवडावा!'

वास्तविक ग्रंथपालांना कुठेही जायचं नव्हतं. पुस्तक निषेध म्हणून आणलं होतं, सुनेला दिसेल असं टेबलावर ठेवायला. पण ठेवायचा धीर झाला नाही आणि ते गादीखाली गेलं. गादीखालून निषेध करणं त्यांना जमत होतं.

"हे काय आहे, बाबा?" सुनेचा आवाज चढला. "मी इथं तुमच्या ग्रंथालयासाठी डोळे फोडून घेतेय आणि तुम्ही आश्रम शोधताय? काय कमी पडलं तुम्हाला? तुमच्या मुलाला माहीत आहे हे?"

"विषय म्हणून... वाचत होतो," ग्रंथपाल पुटपुटले आणि चपला घालून ग्रंथालयात परत गेले.

दुपारपर्यंत वेबसाइट दुरुस्त झाली. अध्यक्षांना स्वतःचं नाव हुद्द्यासकट दिसलं आणि ते ससा विसरले. सगळं सुरळीत झाल्यावर ग्रंथपालांनी भीतभीत आपलं खातं उघडलं.

'नमस्कार, बाबा! घेतलेलं पुस्तक आजच परत करा.'

त्यांचे कान पुन्हा लाल झाले. त्यांनी घरी फोन लावला.

"मुदत अजून संपलेली नाही! नियमाप्रमाणे..."

"नियम तुमचा, वेबसाइट माझी," सून म्हणाली. "आणि ऐका, तुमची खोकी आत आणलीत. टेबल गॅलरीत टाकलंय."

"न विचारता?"

"न विचारता."

"गॅलरीत?" ग्रंथपाल आयुष्यात पहिल्यांदा ग्रंथालयात ओरडले. वाचकांनी माना वर केल्या. "तिथं ऊन असतं दिवसभर! पडदा तरी दिसेल का तुला? आत्ताच्या आत्ता आत घे ते टेबल. खोकी माझ्या पलंगाखाली मावतात, मी केव्हाच मापून ठेवलंय!"

"मग महिनाभर बोलला का नाहीत, बाबा?"

"मला विचारलं होतं कुणी?"