साधारण रक्त

तेरच्या बलभीम पैलवानाचं रक्त साधारण निघालं, ही बातमी तो बसमधून उतरायच्या आत गावभर झाली होती. जळकोटच्या गुरुलिंगाशी जत्रेत त्याची कुस्ती ठरलेली. त्यासाठी सोलापुराहून ताकदीच्या गोळ्या आणलेल्या. गोळ्यांचा हट्टच असेल, तर आधी रक्त तपासा आणि महिनाभर खाऊन पुन्हा तपासा, असं धाराशिवच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. पहिल्या कागदावर त्यांनी प्रत्येक आकड्यापुढं 'साधारण' असं लिहून दिलं.

वस्ताद सरदारचाचांच्या ते जिव्हारी लागलं. रोज चार शेर दूध आणि पावशेर बदाम रिचवणाऱ्या गड्याचं रक्त शाळामास्तरासारखं?

"गोळ्या दुप्पट घे, बेटा. गावाच्या अब्रूचा सवाल हाय."

बलभीमानं तिप्पट घेतल्या.

महिन्यानं दुसरा कागद मिळाला. त्यात डॉक्टरांनी पाच आकड्यांखाली लाल रेघा ओढल्या होत्या. यकृत सुजलंय, गोळ्या बंद, कुस्तीचं नाव काढायचं नाही, असं त्यांनी खडसावलं. हे गावाला कोणत्या तोंडानं सांगायचं, या काळजीनं बलभीम अर्धा झाला. पण तो काही बोलायच्या आत सरदारचाचांनी कागद हिसकावला, रेघा मोजल्या आणि हलगीवाल्याला बोलावणं धाडलं.

"बघा, साधारण एकबी न्हाय."

मिरवणूक निघाली. बलभीमाचे पिवळे डोळे बघून बायाबापड्या म्हणाल्या, पैलवानाला तेज आलंय. तो खरं सांगू लागला की हलगी कडाडायची.

जत्रेच्या दिवशी तो पाय ओढत फडाकडं गेला. पैलवानांच्या खोपटात गुरुलिंग एकटाच घामाघूम होऊन बसला होता. आता लपवण्यात अर्थ नव्हता. बलभीमानं त्याला कागद दाखवून सगळं सांगून टाकलं.

"मला जरा हलक्यानं धर, गुरुलिंग. जिवाशी गाठ हाय."

गुरुलिंगानं पटक्यातून आपला कागद काढून त्याच्यापुढं धरला.

"म्या बी त्याच खाल्ल्या. डागदर म्हणला, फडात उतरणार असशील तर घरच्यांना भेटून जा."

मग दोघांनी एकमेकांना इतकं जपून धरलं, की तासाभरानं पंचांनीच कंटाळून कुस्ती बरोबरीत सोडवली. जीव वाचला म्हणून बलभीमाला रडूच फुटलं. गावानं त्याला खांद्यावर घेतलं, गुलाल उधळला. तरी त्याचं मन काही खुलेना. गुरुलिंगाच्या कागदावर रेघा सात होत्या. कुणाला बोलला नाही तो, पण मनोमन त्यानं कबूल केलं, की आपण दोन रेघांनी हरलो.