निअँडरथलची सोयरीक
लातूर जिल्हा नवा झाला, पण पाऊस मागं उस्मानाबादेतच राहिला, असं अहमदपूरकडचे लोक म्हणत. त्या दुष्काळात निवृत्तीच्या दोन सोयरिकी फिसकटल्या. शाळेत शिपायाची नोकरी होती, थोडं शेत होतं; पण हंडाभर पाण्यासाठी झोंबाझोंबी चालते त्या गावात पोर कोण देणार? आता उदगीरचे अण्णाराव लेकीसाठी घर बघायला यायचे होते, आणि नेमकं त्याच दिवशी मल्लिकार्जुन गुरुजींनी विज्ञान प्रदर्शन काढलं.

"तू निअँडरथल व्हायचं," गुरुजी म्हणाले. "म्हंजी आपल्या आधीचा माणूस. कपाळ तुझं तसंच हाय."

"गुरुजी, सांजच्याला पाव्हणे यायलेत."

"मग दुपारी धुऊन टाक की."

डिंकात माती कालवून निवृत्तीला फासली, वर तागाचे केस डकवले. शेजारी इस्त्रीचा सदरा घालून गुरुजी स्वतः आजचा माणूस म्हणून उभे राहिले. हा गेला आणि आपण आलो त्याला कुणी पस्तीस हजार वर्षं म्हणतं, कुणी चाळीस, विद्वानांत वाद आहे, असं ते येईल त्याला सांगत होते. निवृत्तीचं सगळं लक्ष पाण्याच्या पिंपाकडं. प्रदर्शन बघून पोरांना लई तहान लागली आणि दुपारी पिंप उपडं केलं तरी थेंब निघेना. डिंक तर वाळून दगड झालेला.

तो तसाच घरी पळाला. त्याच्या आईनं, सरजाबाईनं, कपाळाला हात लावला.

"आये, तांब्याभर पाणी दे."

"पाव्हण्याच्या च्यापुरतं हाय. तुझ्या थोबाडाला कुठून आणू?"

तेवढ्यात टँकर आला. निवृत्ती दोन घागरी घेऊन वेशीत धावला. ते केसाळ ध्यान बघून भांडणाऱ्या बाया आपोआप बाजूला झाल्या. नळी धरणारा नळी तिथंच टाकून टपावर चढला. निवृत्तीनं निवांत दोन्ही घागरी भरल्या आणि वळला, तर समोर एसटीतून उतरलेले अण्णाराव आणि त्यांच्या मंडळी केवळाबाई. तिसरी सोयरीकही गेली, तो मनात म्हणाला.

गुरुजी धावत आले. "पाव्हणं, हाच निवृत्ती. आज निअँडरथल झालाय."

"मग माणूस कधी व्हनार?" अण्णारावांनी विचारलं.

"आंघोळ झाली की. त्यात वाद न्हाई."

घरी चहा झाला. केवळाबाई चुलीपाशी जाऊन भरल्या घागरी बघून आल्या.

"रोज असंच पाणी भेटतं तुमाला?"

खोटं बोलणं निवृत्तीच्या जिवावर आलं. "न्हाई वो. रोज नंबरच लागत न्हाई. आज ह्या सोंगानं भेटलं."

अण्णारावांनी बायकोकडं बघितलं. निवृत्ती घागरीकडं सरकला. "थांबा, तोंड धुतो. माणूस तरी बघून जा."

केवळाबाईंनी घागरीवर हात ठेवला.

"ऱ्हाऊ द्या, जावईबापू. तोंड काय, पाऊस पडल्यावर बघू."