वाटेवरच तर आहे!

ढमूच्या आईने कागदावर तीन ओळी लिहिल्या आणि तो कागद फ्रिजवर चिकटवला. 'निघायचं. समुद्र बघायचा. परत यायचं.' बस्स! खाली दोन ठसठशीत रेघा ओढल्या आणि लढाई जिंकून आलेल्या सेनापतीसारखी कमरेवर हात ठेवून ती म्हणाली, "या वेळी चौथी ओळ येणार नाही म्हणजे नाही!"

हा निर्धार काही उगाच नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्या सहलीत ढमूच्या बाबाने दोन दिवसांत सतरा ठिकाणं कोंबली होती. त्यातली तिला आता आठवत होती ती फक्त गाडी लावायची मैदानं. त्यातल्या त्यात सातव्या मैदानात सावली बरी होती.

शिवाय ही सहल नुसती सहल नव्हती. सोमवारपासून ती पुन्हा कामावर जाणार होती. रक्त तपासायच्या लॅबमध्ये दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायचं, हे तिचं काम. गेले चौदा महिने तो डोळा ढमूला लागलेला होता. ढमूचा पहिला दात तिने पाहिला, सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी, खालचा, उजवीकडचा. पहिलं पालथं पडणं पाहिलं. पहिलं पाऊल पाहिलं, आणि लगेच पहिली आपटीही. सोमवारनंतर मात्र जे काही पहिलं होईल ते सासूबाईंच्या वाट्याला जाणार, आणि तिला संध्याकाळी चपला काढता काढता शिळी बातमी ऐकायला मिळणार! म्हणून रविवारचा एक दिवस तिने राखून ठेवला होता. ढमूने समुद्र पहिल्यांदा बघायचा, आणि बघताना तिचा चेहरा कसा होतो ते आईने बघायचं. सकाळी सातला निघायचं, साडेनऊला पाण्यावर!

कार्यक्रमात तीन ओळी होत्या, पण पिशव्या मात्र पाच झाल्या. त्यांत दोन थर्मामीटर होती. दुसरं कशाला, असं ढमूच्या बाबाने विचारलं.

"पहिलं बरोबर दाखवतंय की नाही ते कसं कळणार?"

बाबाने दुसरंही पिशवीत ठेवलं. चौदा महिन्यांत तो पुष्कळ शिकला होता.

शनिवारी संध्याकाळी सासूबाई फ्रिजमधून दूध काढायला आल्या, कागदापुढे थबकल्या आणि म्हणाल्या, "समुद्रावर चाललाय ना? मग आत्याकडे डोकावून या की. वाटेवरच तर आहे!"

"आई, आत्या वाटेवर नाहीत. वाटेपासून अकरा किलोमीटर आत आहेत."

"गाडीला काय गं अकरा किलोमीटर! आणि आत्याकडे गेलात नि माझ्या भावाकडे नाही, असं कसं चालेल? मामाने अजून बाळाचं तोंड पाहिलेलं नाही. तोही वाटेवरच."

ढमूच्या आईचा पारा चढला. "मग माझ्या मावशीने काय घोडं मारलंय? तीही वाटेवरच आहे म्हणा!"

हे ती चिडून म्हणाली होती, बरं का! पण घरात चिडून बोललेलं वाक्य आणि खरं बोललेलं वाक्य यांतला फरक न कळणारा एक माणूस असतोच. त्या घरात तो ढमूचा बाबा होता.

हा बाबा एका पार्सल कंपनीत रस्ते आखायच्या टेबलावर बसायचा. कुठली गाडी कुठून निघेल, कुणाच्या दारी किती वाजता पोहोचेल, हे सगळं त्याच्या लॅपटॉपमधला प्रोग्राम ठरवायचा. सासूबाई खोलीत गेल्यावर तो बायकोच्या कानाशी कुजबुजला, "तू आईशी भांडू नकोस. मी तिघांचे पत्ते यात घालतो. एका दिवसात हे बसणं शक्यच नाही. मशीनच नाही म्हणेल. मशीनशी आई काय भांडणार?"

"अरे, पण नक्की नाही म्हणेल ना?"

"नऊ वर्षं हेच करतोय मी!"

त्याने पत्ते घातले. पत्त्यापुढे फोन नंबराचा रकाना होता म्हणून नंबर घातले. वस्तूचं वर्णन लिहिल्याशिवाय पुढे सरकेना, म्हणून गंमत म्हणून लिहिलं: 'एक नग. नाजूक. उलटं धरू नये.' समुद्राचा फोन नंबर काही मिळेना, तेव्हा ती जागा कोरी ठेवली, आणि बटण दाबलं.

मशीनने क्षणभर विचार केला आणि हिरव्या अक्षरांत उत्तर दिलं: शक्य आहे!

"हात्तिच्या!" बाबा म्हणाला, आणि त्याने लॅपटॉप बंद केला. "जाऊ दे. आईला सांगू, नाही म्हणालं."

विषय संपला. निदान त्या दोघांना तसं वाटलं.

रविवारी पहाटे पाच वाजून पन्नास मिनिटांनी फोन वाजला. बाबाची आत्या! चाळीस वर्षं इस्पितळात मोठ्या सिस्टर म्हणून काढलेली बाई. तिच्या आवाजाने झोपलेले रुग्णही उठून उभे राहायचे.

"काय रे, मला मेसेज आलाय, खाली तुझं नाव. 'आपलं पार्सल (एक नग, नाजूक) आज नऊ दहा ते नऊ चाळीसच्या दरम्यान पोहोचेल. घरी जबाबदार व्यक्ती हजर ठेवावी.' मी आंघोळ करून पायरीवर बसलेय. आणखी एक जबाबदार व्यक्ती असावी म्हणून शेजारणीलाही बसवलंय. नाजूक नग म्हणजे आपली ढमूच ना?"

बाबाचा चेहरा पांढरा फटक पडला. बटण दाबल्यावर कंपनीचा प्रोग्राम ज्याला त्याला त्या दिवशी पहाटे आपोआप मेसेज पाठवतो, हे त्याला नऊ वर्षं माहीत होतं. फक्त काल आठवलं नव्हतं!

पाठोपाठ मामाचा फोन आला. "अकरा चाळीसला येताय ना? मी दुकान उघडून ठेवतो." मग मावशीचा. मावशी तर रडतच होती. "अगं, दोन वर्षांनी येतेस, आणि तेही पार्सलने कळवतेस?"

ढमूच्या आईने बाबाकडे पाहिलं. लॅबमध्ये ती जंतूंकडे असंच पाहत असे.

"समुद्र कितीला आहे?" तिने विचारलं.

"सगळ्यांत शेवटी. त्याला फोन नंबर नाही ना, मग मशीनला वाटलं, तिथे आपली वाट बघणारं कोणी नाही..."

"आणि सूर्य मावळतो सहा वीसला!"

"मशीन म्हणतंय, पावणेचारला पोहोचू."

"मशीनला ढमूचे लंगोट बदलावे लागत नाहीत!"

पण आता पायरीवर बसलेल्या दोन जबाबदार व्यक्तींना नाही कोण म्हणणार? निघाले!

आत्याने गाडीचं दार उघडून आधी ढमूला उचललं, हातावर जोखलं आणि म्हणाली, "ही नाजूक? दहा किलोच्या वर आहे! नाजूक तर तू दिसतेस. जेवतेस का गं वेळेवर? बस इथे."

"आत्या, आम्हाला उशीर..."

"बस म्हटलं ना!"

ती बसली. कुणीही बसलं असतं. पुढ्यात वाफाळती न्याहारी आली. ढमूला आत्याने खांद्यावर टाकलं आणि शेजारीण तिच्यापुढे चमचे वाजवत फिरायला लागली. ढमूच्या आईने सवयीने डावा हात बाळ धरल्यासारखा वाकवून उजव्या हाताने भराभर खायला सुरुवात केली. चौथ्या घासाला तिच्या लक्षात आलं, की डावा हात रिकामा आहे! चौदा महिन्यांत पहिल्यांदा ती दोन्ही हात मोकळे ठेवून, बसून, गरम काहीतरी खात होती. तिने आणखी वाढून घेतलं. मग आणखी. घड्याळाकडे बघायचं ती साफ विसरली. निघताना आत्याने पिशव्या तपासून एक थर्मामीटर काढून घेतलं आणि तिच्या हातावर थाप मारली. "एक पुरतं. चौदा महिने नीट सांभाळलंस पोरीला. मी हजार बाळं पाहिलीत, मला कळतं."

गाडीत ती तोंड वळवून बसली. "रागावलीस?" बाबाने भीत भीत विचारलं.

"मला हे आजवर कुणी म्हटलंच नव्हतं रे," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली.

मामा घड्याळजी. दुकानात चाळीसेक भिंतीवरची घड्याळं, आणि एकाचं दुसऱ्याशी पटेल तर शपथ! मामाने पहिला प्रश्न केला, "सही कुठे करू?"

"मामा, सहीबिही नको हो."

"असं कसं? पार्सल घ्यायचं म्हणजे सही हवीच." शेवटी बाबाने एका पावतीच्या पाठीमागे त्याची सही घेतली, तेव्हाच त्याने ढमूला हात लावला.

आणि तेवढ्यात बारा वाजायला लागले. एकदम नाही, एकामागून एक! एक घड्याळ थांबतंय तोवर दुसरं सुरू. अकरा मिनिटं बाराच वाजत होते! ढमू आधी दचकली, मग बघत राहिली आणि मग खदाखदा हसायला लागली. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत! अशी ती कधीच हसली नव्हती. हे पहिलंच! आईने समोरून, अगदी जवळून पाहिलं.

"मामा, पुन्हा वाजवता?" तिने विचारलं. उशीर होतोय असं म्हणायला तिने तोंड उघडलं होतं, पण बाहेर पडलं ते हे!

मामाने काटे मागे फिरवले आणि पुन्हा बारा वाजवले. मग बाबागाडीचं कुरकुरणारं चाकही पाहिलं. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाला घाई करता येत नाही, हे तिथे कळलं. चाकाचा प्रत्येक स्क्रू त्याने भिंग लावून बसवला. निघाले तेव्हा पावणेदोन वाजले होते. निदान एका घड्याळात तरी.

मावशीच्या घरात शिवणयंत्राशेजारी एक पलंग होता. मावशीने भाचीला दारातच मिठी मारली, चेहरा न्याहाळला आणि म्हणाली, "डोळ्यांखाली ही काय काजळी? पड जरा."

"नाही गं, समुद्र..."

"पाठ तर टेक! पाच मिनिटं!"

तिने पाठ टेकली. घरातल्या झोपेत तिचा एक कान सतत ढमूकडे असायचा. पण इथे शिवणयंत्राची खडखड, मावशीच्या ढमूशी चाललेल्या गप्पा, आणि आपल्याला लहानपणी निजवणारं माणूस दोन हातांवर. दोन्ही कान झोपले!

डोळे उघडले तर खिडकीतलं ऊन तिरपं झालेलं. पाच वाजून दहा मिनिटं!

"अरे! उठवलं का नाहीस?" ती किंचाळली.

"दोनदा प्रयत्न केला," बाबा म्हणाला. "मावशी दारात उभी होती. हातात कात्री होती."

मग जी काही पळापळ झाली! ढमू गाडीत, पिशव्या गाडीत, एक बूट मावशीकडे. मावशी रस्त्यापर्यंत धावत आली आणि तो खिडकीतून आत फेकला. ढमूच्या आईने डोकं बाहेर काढलं. "मावशी, झोप लागली गं मला! खूप झोप लागली!" हे ती अशा आवाजात म्हणाली, की मावशी पुन्हा रडायला लागली.

बाबाचा फोन सूचना देत होता: 'पुढचा थांबा, समुद्र. घेणारी व्यक्ती उपलब्ध नाही. परत फिरावे.' तिने तो उचलून मागच्या पिशवीत, लंगोटांच्या खाली खुपसला.

गाडी वाळूच्या कडेला थांबली तेव्हा सूर्य पाण्यापासून दोन बोटं वर होता. तिने ढमूला काखोटीला मारलं आणि धावत सुटली. मागून बाबा बूट, टोपी आणि कॅमेरा सांभाळत. ओल्या वाळूवर पोचताच तिने लेकीला उभं केलं आणि स्वतः समोर गुडघे टेकून बसली. ज्या क्षणासाठी एवढा खटाटोप केला, तो चुकता कामा नये! पापणीसुद्धा लवायची नाही!

आणि ढमूने डोळे मोठे केले. तोंडाचा गोल चंबू केला. वाऱ्याने कपाळावरचे केस उभे राहिले. दोन्ही हात वर करून ती ओरडली, "आंऽऽऽ!"

पाहिलं! सगळं पाहिलं! भुवया, जिभेचं टोक, खालचा उजवा दात, सगळं. सकाळी साडेनऊला आलो असतो, तर? आपण अर्धपोटी, अर्धझोपेत, वाळू तोंडात जाईल म्हणून ओरडत बसलो असतो. आज पोट भरलेलं, डोळे टवटवीत, डोक्यात कसली म्हणून चिंता नाही. तिने मनातल्या मनात आत्याला, मामाला, मावशीला आणि त्या आगाऊ मशीनलासुद्धा हात जोडले. बाबाला मात्र उघड म्हणाली, "बरं झालं बाबा, तू बटण दाबलंस." तो इतका चकित झाला, की त्याच्या हातून कॅमेरा पडता पडता वाचला.

सूर्य बुडाला. घरी पोहोचल्या पोहोचल्या सासूबाईंनी झोपलेल्या ढमूला कुशीत घेतलं आणि विचारलं, "काय गं, समुद्राला भरती होती की ओहोटी?"

ढमूची आई उत्तर द्यायला गेली आणि थांबली. समुद्र... समुद्र तिच्या पाठीमागे होता. तिने वळून पाहिलंच नव्हतं!

"अरे, भरती होती ना?"

"मी काय सांगू? मी तुम्हा दोघींचे फोटो काढत होतो."

मग फोटो पाहिले. त्रेचाळीस होते. प्रत्येकात ढमू टक लावून समोर बघत होती, आणि तिच्या समोर, हातभर अंतरावर, अख्खं आभाळ नि पाणी झाकून, तिच्या आईचा चेहरा होता. डोळे मोठे केलेला, तोंडाचा गोल चंबू केलेला! लेक जे काही करत होती, ते आईचं बघून करत होती.

सासूबाईंनी चष्मा वर सारून सगळे फोटो नीट पाहिले.

"पुढच्या वेळी मी पण येते," त्या म्हणाल्या. "एकाने तरी समुद्राकडे बघायला हवं ना!"