दहा ते सहाचं स्वातंत्र्य

माणसाच्या आयुष्याला काहीतरी हेतू असावा, याबाबत सर्व थोर विचारवंतांचं एकमत आहे. तो कोणता असावा, हे मात्र त्यांनी ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडलं आहे, आणि जगातले बहुतेक घोटाळे इथूनच सुरू होतात.

माझा घोटाळा एका बुधवारी सुरू झाला. मी एका मोठ्या कार्यालयात आवक-जावक विभागात होतो. आलेल्या कागदावर आवक क्रमांक टाकायचा, निघालेल्यावर जावक. मधल्या काळात कागदाचं काय होतं, हे सत्तावीस वर्षांत मला कधी विचारावंसं वाटलं नाही. (विचारणाऱ्याची बदली होत असे.) त्या बुधवारी कर्मचाऱ्यांसाठी 'हेतुपूर्ण जीवन' या विषयावर व्याख्यान ठेवलं होतं. स्वेच्छेने उपस्थित राहणं सर्वांना बंधनकारक होतं. वक्त्यांनी प्रत्येकाला एकेक छापील कागद दिला आणि दहा मिनिटांत आपल्या आयुष्याचा हेतू लिहायला सांगितला. मी शेजारच्या हेडक्लार्कच्या कागदात डोकावलो, तर तो माझ्या कागदात डोकावत होता. शेवटी मी 'स्वतंत्रपणे जगणे' असं लिहिलं, कारण रकान्यात तेवढंच मावत होतं.

बाकीचे कागद जमा करून चहाला गेले. माझी अडचण अशी की, लेखी आलेली गोष्ट मी खरी धरतो. अक्षर माझं, सही माझी, तारीख बरोबर. मग कार्यवाही दुसरा कोण करणार? तीन महिन्यांत मी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि आदेश हातात पडल्यावर घरी सांगितलं.

"मला विचारायचं तरी," बायको म्हणाली.

"अगं, स्वतंत्र माणूस विचारत नसतो."

"असं," ती म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली. (मराठीत 'असं' या शब्दाचे अकरा अर्थ होतात. हा नववा होता, हे मला पुढे कळलं.)

पहिल्या दिवशी मनाला येईल तेव्हा उठायचं ठरवलं होतं. मनाला पावणेसहालाच आलं. साडेनऊला मी इस्त्रीचा शर्ट घालून दारात डबा मागत उभा. "कुठे निघालात?" बायकोने विचारलं, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की मी स्वतंत्र आहे. बूट काढता काढता मी ठरवलं, स्वातंत्र्यालाही शिस्त हवी. त्याच दुपारी वेळापत्रक केलं. पावणेदहा ते साडेदहा उत्स्फूर्तता, साडेदहा ते अकरा मनमोकळेपणा, चार ते सव्वाचार निवांतपणा (सबळ कारण असल्यास वाढवून मिळेल). चौथ्या दिवसापर्यंत तीन दिवसांची उत्स्फूर्तता तुंबली होती.

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावतो म्हणतात. माझी नजर घराकडे वळली. स्वयंपाकघरातले डबे मी वर्णानुक्रमे लावले. त्यामुळे चहा आणि साखरेच्या मध्ये मीठ आलं, आणि पाहुण्यांच्या चहातही. पहिल्या आठवड्यात बायकोला एकूण एकशे चौतीस सूचना देण्यात आल्या. अंमलबजावणी शून्य, भांडी आपटण्याच्या घटना नऊ. (त्यातल्या दोन अपघाती असू शकतात.) ती भाजी चिरायला बसली की मी समोर खुर्ची टाकायचो. ती आडवी झाली की, "बरं नाही का?" असं विचारायचो. बरी आहे म्हणाली, तर, "मग का झोपलीस?"

लेकीचा फोन आला. "बाबा, आई ठीक आहे ना? हल्ली दुपारी फोन केला की नुसतं हो-नाही करते."

"अगदी ठीक आहे. मी शेजारीच बसलेला असतो."

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली.

मला काही उमगलं नाही. तक्रारी लेखी असाव्यात म्हणून मी जेवणाच्या टेबलावर एक ट्रे ठेवला. तीन आठवडे त्यात काही पडलं नाही, तेव्हा वहीत समाधानाने 'तक्रारी : निरंक' अशी नोंद केली. दुसऱ्या दिवशी ट्रेमध्ये एक कागद होता.

'विषय : स्वेच्छानिवृत्ती मिळणेबाबत. महोदय, अर्जदाराची या घरात सत्तावीस वर्षे सेवा झाली आहे. या काळात अर्जदार रोज दहा ते सहा स्वतंत्र होती. ही सवलत पूर्वसूचना न देता काढून घेण्यात आली आहे. तरी ती परत मिळावी, अन्यथा अर्जदारास कार्यमुक्त करावे. कळावे.'

खाली तिची सही होती. माझ्या बायकोची सही इतकी सुरेख आहे, हे मला ठाऊकच नव्हतं. आयुष्यात लाखभर कागद माझ्या हाताखालून गेले. एकही मी वाचला नव्हता. हा चार वेळा वाचला.

"ही गंमत आहे ना?" मी स्वयंपाकघरात जाऊन विचारलं.

"आवक क्रमांक टाका, म्हणजे कळेल." तिने ओट्यावरचा हात थांबवला नाही. मग थांबवला. "तुम्ही ऑफिसला गेलात की मी काय कुलूप लावून बंद होत होते, असं वाटलं तुम्हाला? जमिनीवर लोळायचे मी. कधी जेवायचेच नाही, कधी दोनदा जेवायचे. कुणी विचारत नव्हतं."

"काय विचारत नव्हतं?"

"काहीच नाही. तेच तर सुख होतं हो."

तिचे डोळे भरले होते. माझा हात सवयीने शिक्का शोधायला लागला. शिक्का नव्हता. मी खिशातलं पेन काढलं आणि अर्जावर 'मंजूर' लिहिलं. आवक-जावकवाल्याला तो अधिकार नसतो. आयुष्यातला माझा तो पहिलाच 'मंजूर'.

"पण मग मी जाऊ कुठे?"

"मला कशाला विचारता? स्वतंत्र आहात ना?"

दुसऱ्या दिवसापासून मी डबा घेऊन सार्वजनिक वाचनालयात जाऊ लागलो. तिथे माझ्यासारखेच अकरा स्वतंत्र पुरुष आधीपासून बसलेले होते. निवृत्त हेडमास्तरांनी घड्याळाकडे पाहिलं. "दहा मिनिटं उशीर झाला तुम्हाला."

"मी इथला कुणी नाही हो."

"म्हणून काय केव्हाही यायचं?"

तिथे सगळं स्वेच्छेनं चालतं. खुर्च्या ठरलेल्या आहेत. यायची सक्ती नाही, मात्र न येण्यासाठी तीन दिवस आधी अर्ज करावा लागतो. ते अर्ज घ्यायला त्यांना अनुभवी माणूस हवाच होता. गेल्याच आठवड्यात एका सदस्याने मुलगा येणार म्हणून सुट्टी मागितली. 'कारण सबळ नाही' असा शेरा मारून मी अर्ज परत केला, आणि हेतुपूर्ण जीवन म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळलं.

परवा डोकं दुखायला लागलं म्हणून साडेचारलाच घरी आलो. जिन्यातच आमच्या घरातून गाणं ऐकू आलं. सूर कुठल्या कुठे, शब्द चुकलेले, आवाज मात्र मोकळा. सत्तावीस वर्षांत ती माझ्यासमोर कधी गुणगुणलीसुद्धा नव्हती. हात बेलपर्यंत गेला होता, तो मी मागे घेतला. पायरीवर बसून राहिलो. सहाच्या ठोक्याला बेल वाजवली.

"आलात? कसा गेला दिवस?"

"कामात गेला," मी म्हणालो.

वाचकहो, तुम्ही हसला असाल. हरकत नाही. आमच्या घरी तसलं काही नाही, घरातली सगळी आमची वाट बघत असतात, असंही तुम्ही म्हणाल. मीही म्हणायचो. उद्या कामाला निघालात की पाठीमागे दार लागल्यावर जिन्यात क्षणभर उभे राहा आणि आतून सुटलेला श्वास ऐका. किंवा राहू द्या, नका थांबू. तुम्हाला उशीर होईल, आणि त्यांनाही.