जिन्यातली सुनावणी

आयात शुल्क खात्याचे साहेब लाकूडकामवाल्यांच्या संघाचं म्हणणं ऐकायला येणार, असं कळल्यावर खुर्चीवाल्यांनी, म्हणजे संघाच्या पुढाऱ्यांनी, सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की केली. साहेब परदेशी खुर्चीवर बसता कामा नयेत. परदेशी खुर्च्यांवर जबर शुल्क लावा, असं ज्याला सांगायचं त्यालाच परदेशी खुर्ची द्यायची, म्हणजे पाहुण्याला दारू पाजून दारूबंदीवर बोलण्यासारखं होतं.

अडचण एवढीच होती, की संघाने भाड्याने घेतलेल्या सभागृहात सगळ्या खुर्च्या परदेशीच होत्या. पातळ, घडीच्या, एका हातात चार मावतील अशा. आणि त्या विकणारा गावातला एकमेव व्यापारी म्हणजे खुर्चीवाल्यांचा सख्खा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. त्याने पहिला कंटेनर मागवला तेव्हा खुर्चीवाले हसले होते. "ह्या काड्यांवर कोण बसणार?" असं ते सगळ्यांना विचारत. पुढे सगळेच बसायला लागले आणि खुर्चीवाल्यांनी विचारायचं सोडलं. कारखान्यातले सहा कारागीर घटत घटत दोनावर आले. ते दोघंही निम्मा दिवस माश्या मारत आणि उरलेला निम्मा दिवस मालकांना तसं दिसू नये म्हणून रंध्याला धार लावत.

घरी मेव्हण्याचं नाव काढायला बंदी होती. स्वयंपाकघराच्या दारामागे मात्र त्याच्याच दुकानातल्या चार खुर्च्या उभ्या होत्या. खुर्चीवाल्यांनी त्यांना हात लावायची सोय नव्हती. "लग्न होऊन इतकी वर्षं झाली, घरासाठी एक खुर्ची केलीत का?" असं बायको एकदा म्हणाली होती.

तेव्हा साहेबांसाठी खुर्ची करायची ठरली. खुर्चीवाल्यांनी साठवून ठेवलेलं सागवान बाहेर काढलं. एक खिळा नाही, एक स्क्रू नाही, सगळे सांधे खुंटीचे. पाठीवर वेलींचं कोरीवकाम, हातांना गोलाई, पाय बाहेरच्या बाजूला वळलेले. त्यांच्या हातून आयुष्यात असं काम झालं नव्हतं. खुर्ची पूर्ण झाल्यावर त्यांनी कारागिरांना ती मोडून दाखवायला सांगितलं. दोघांनी मनापासून प्रयत्न केला आणि मालक म्हणाले ते खरंच आहे, हे घाम पुसत मान्य केलं.

सभागृह वरच्या मजल्यावर होतं. खुर्चीवाले पिढीजात सुतार, त्यामुळे त्यांनी आधी जाऊन जिन्याची रुंदी मोजली. खुर्ची आरामात जात होती. जिन्याला मध्यावर वळण होतं, ते मोजायचं राहिलं.

सुनावणीच्या सकाळी सभासद वर जमले. प्रत्येकाने स्वतःच्या हातचं स्टूल किंवा पाट आणला होता. खुर्चीवाले वरून ओढत होते, दोघं कारागीर खालून रेटत होते. वळणावर खुर्ची थांबली. जरा तिरपी केली तर जाईल, असं एक सभासद म्हणाला. ती तिरपी केली. जरा आणखी, असं दुसरा म्हणाला. मग सगळ्यांनी मिळून एकदाच जोर लावला, तेव्हा बाहेर वळलेले दोन पाय लोखंडी कठड्याच्या गजांत शिरले, पाठ वरच्या पायरीखाली टेकली आणि खुर्ची अशी बसली की जणू जिना तिच्या मापानेच बांधला होता. आता ती वर जाईना, खाली येईना. वरची माणसं वर राहिली, खालची खाली. दुसरा जिना नव्हता. इमारतीच्या मालकाने खाली उभं राहून पाहणी केली आणि कठडा त्याच्या वडिलांच्याही आधीचा असून त्याला हात लावल्यास आपण गप्प बसणार नाही, असं सांगून तो निघून गेला.

एवढ्यात साहेब आले. त्यांच्या मागोमाग मेव्हणाही आला, कारण सुनावणीची सूचना दोन्ही बाजूंना गेली होती.

"काय झालं, भाऊजी?" मेव्हण्याने खालून विचारलं.

"काही नाही. खुर्ची वर येतेय."

मेव्हण्याने खुर्चीकडे पाहिलं. ती कुठेही येत नव्हती.

साहेब शांत स्वभावाचे होते. त्यांनी आयुष्यभर गाऱ्हाणी ऐकली होती आणि कोण कुठून बोलतो याचं त्यांना काही वाटत नसे. त्यांनी सांगितलं की आज सुनावणी झाली नाही तर पुढची तारीख वर्षभराने मिळेल. वर्षभराने आपला कारखाना असेल का, याची खुर्चीवाल्यांना खात्री नव्हती. त्यांनी इथेच सुनावणी घ्यायची विनंती केली. साहेब बरं म्हणाले आणि टेकायला काही आहे का, असं त्यांनी विचारलं.

मेव्हणा गाडीकडे गेला आणि एक घडीची खुर्ची घेऊन आला. ती एका हाताने उघडली. साहेब जिन्याच्या तळाशी तिच्यावर बसले. खुर्चीवाल्यांनी हे सगळं कोरलेल्या दोन वेलींच्या मधून पाहिलं.

त्यांनी भाषण पाठ केलं होतं आणि पाठ केलेल्या भाषणाला मधूनच वळवता येत नाही. घसा साफ करून त्यांनी सुरुवात केली. "साहेब, आपण या क्षणी ज्या खुर्चीवर बसला आहात, ती या मातीतल्या कारागिराच्या घामातून उभी राहिली आहे."

साहेबांनी वाकून खाली पाहिलं. "ही?"

"ती नाही. ही. बसायला पाहिजे होतात ती."

साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

मग खुर्चीवाल्यांनी पाठ केलेलं सोडून दिलं आणि मनातलं सांगितलं. कारागीर कसे गेले, एक जण आता दुसऱ्याच्या दारावर पहारा करतो, हातातली कला असून त्याच्या हातात नुसती काठी आहे. हे सांगताना त्यांचा आवाज जरा बसला. शेवटी ते म्हणाले, "आमची खुर्ची तीन पिढ्या टिकते, साहेब."

"मग एका घराला दुसरी कधी लागते?" साहेबांनी विचारलं. त्यात खोच नव्हती, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

खुर्चीवाले बोटांवर पिढ्या मोजायला लागले.

मेव्हण्याची पाळी आली. त्याने सांगितलं की शिकवणीच्या वर्गात मुलं जमिनीवर बसत होती, ती आता वर बसतात. दवाखान्याबाहेर म्हातारी माणसं उभी राहत होती, ती बसतात. लाकडाच्या चार खुर्च्यांच्या पैशांत त्याच्या चाळीस येतात.

"आणि दोन वर्षांत भंगारात जातात," वरून खुर्चीवाले म्हणाले.

"दोन वर्षं तर बसतात ना, भाऊजी."

वर सगळे सभासद गजांतून वाकून साहेबांच्या खुर्चीकडे पाहत होते. साहेब अंगाने भरलेले होते आणि बोलताना मागेपुढे झुलत. आता मोडेल, मग मोडेल, या आशेवर कितीतरी वेळ गेला. ती मोडली नाही.

याच सुमाराला पॉलिशकाकांनी खुर्चीवाल्यांच्या खांद्यावर हात ठेवला. पॉलिशकाका संघातले सगळ्यात वयस्कर सभासद. लाकडाला त्यांच्यासारखी चकाकी कोणी देत नसे. ते हळूच म्हणाले की मला खाली जायचंय. थोडं थांबा, असं खुर्चीवाल्यांनी सांगितलं. मी थांबेन, पण मधुमेह थांबणार नाही, असं काका म्हणाले. मोरी खाली होती.

आता खुर्ची कापण्यावाचून इलाज नव्हता. शेवटी खुर्चीवाल्यांनी स्वतःच मान हलवली.

करवतवाले सभासद सोबत स्वतःची करवत घेऊनच आले होते. ती साहेबांना दाखवायची होती, कारण परदेशी करवतींवरही शुल्क लागावं असं त्यांचं मागणं होतं. करवत उत्तम होती. पण भिंत आणि कठडा यांच्यामधल्या फटीत तिला पुढेमागे व्हायला हातभरही जागा नव्हती. तेव्हा मेव्हण्याने गाडीतून बॅटरीवर चालणारी छोटी करवत आणली. परदेशीच होती. पण ती चालू कशी करायची हे त्याला कळेना. तो या बाजूने, त्या बाजूने बटण दाबून पाहत होता. पॉलिशकाका एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते.

"अरे, आधी बाजूची कळ आत दाब आणि मग बटण ओढ," खुर्चीवाले वैतागून म्हणाले. "पातं सैल वाटलं तर खालचा चाप घट्ट कर."

करवत सुरू झाली.

करवतवाले खुर्चीवाल्यांकडे पाहत होते. त्यांची लहानपणापासूनची दोस्ती होती. "तुझ्याकडे आहे अशी," ते म्हणाले. हा प्रश्न नव्हता.

खुर्चीवाले कठड्यावरची धूळ पुसायला लागले.

"मी दिलेली करवत कुठाय?"

"आहे ना. भिंतीवर लावलीय. मानाने."

करवतवाल्यांना वाईट वाटलं आणि वाईट वाटलेला माणूस तत्त्वावर येतो. त्यांनी वाकून खाली साहेबांना सांगितलं की करवतींवर दुप्पट शुल्क लिहा. खुर्चीवाले म्हणाले, करवतींवर नको, मग आमच्या खुर्च्या आणखी महाग होतील, शुल्क फक्त खुर्च्यांवर लावा. पॉलिशकाका अवघडलेल्या अवस्थेतही म्हणाले, की खुर्च्यांचं काय ते ठरवा, पण बाहेरून येणाऱ्या पॉलिशला हात लावू नका, इथलं वाळत नाही. तेव्हा इथलं पॉलिश बनवणारे सभासद मागून पुढे सरकायला लागले. खिळेवाले खुर्चीवाल्यांवर आधीच रागावलेले होते, कारण ज्या खुर्चीत एकही खिळा नाही तिच्यासाठी ते का म्हणून ओढायला लागले, हे त्यांना आता सुचलं. सगळे एकदम बोलू लागले. साहेबांनी पाय आखडून घेतले आणि ते लिहीत राहिले.

पहिला पाय सुटला. दुसरा पाय अर्ध्यात असताना पात्याचे दात गेले. मेव्हण्याने नवं पातं लावलं, तेही गेलं. सागवान जुनं होतं. पात्यांची अख्खी पेटी संपत आली, तेव्हा कुठे दुसरा पाय आणि एक हात निघाला, खुर्ची कण्हून खाली घसरली आणि पॉलिशकाका तिच्यावरून असे गेले की त्या वयात तसं जाणं कोणाला जमलं नसतं.

साहेबांनी कागद गोळा केले. त्यांनी लिहिलेलं वाचून दाखवलं, ते बरंच लांब होतं. पण शेवटचं वाक्य सगळ्यांच्या लक्षात राहिलं. "प्रत्येक सभासदाचं म्हणणं असं, की तो जे विकतो ते बाहेरून येऊ नये आणि तो जे विकत घेतो ते खुशाल यावं." काही चुकलं असेल तर सांगा, असं ते म्हणाले. सगळ्यांनी खूप विचार केला. चुकलेलं काही नव्हतं.

शुल्क लागलं नाही. खुर्चीचे तुकडे मेव्हण्याच्याच गाडीतून कारखान्यात आले, कारण दुसरी गाडी नव्हती. खुर्चीवाल्यांनी ते एका कोपऱ्यात टाकले आणि कित्येक दिवस तिकडे पाहिलं नाही. घरी ते जेवायला बसत आणि भाजीत मीठ नसलं तरी काही म्हणत नसत. त्याची बायकोला खरी काळजी वाटली. तिने भावाला निरोप धाडला.

मेव्हणा कारखान्यात आला तेव्हा कारागीर कोपरा झाडत होते. आधी जी खुर्ची हलवायला तिघं लागायची तिचा एकेक तुकडा ते सहज उचलून बाजूला ठेवत होते. खुर्चीवाले ते बघत होते. मेव्हणाही बघत होता. दोघांपैकी कोणाला आधी सुचलं यावर घरात अजून वाद होतो. पाय, पाठ, हात सगळं सुटं करायचं, चार बोल्ट द्यायचे, चपट्या खोक्यात भरायचं, घेणाऱ्याने घरी नेऊन जोडायचं. बोल्टाचं नाव निघाल्यावर खुर्चीवाल्यांनी डोळे मिटून घेतले. पण मिटलेल्या डोळ्यांनीच त्यांनी मान डोलावली.

"घेणार कोण पण?" त्यांनी विचारलं.

मेव्हणा म्हणाला की त्याचे कंटेनर येताना भरून येतात आणि जाताना रिकामे जातात. रिकाम्या कंटेनरला भाडं जवळजवळ पडतच नाही. तिकडे हाताने कोरलेल्या लाकडाला किंमत आहे.

पहिली खोकी गेली ती परत आली नाहीत. आणखी मागणी आली. दुसऱ्याच्या दारावर पहारा करणारा कारागीर काठी टाकून परत आला. पुढे बाकीचेही आले आणि काही नवे ठेवावे लागले. करवतवाल्यांशी बोलणं पुन्हा सुरू झालं. घरात मेव्हण्याचं नाव निघू लागलं. इतकं, की बायकोलाच कंटाळा आला.

एका दुपारी मेव्हणा पडलेल्या चेहऱ्याने कारखान्यात आला. खुर्चीवाले एका पाठीवर शेवटचा हात फिरवत होते.

"तिकडे भानगड झालीय, भाऊजी. तिथल्या सुतारांनी संघ काढलाय. बाहेरून येणाऱ्या स्वस्त खुर्च्यांनी आमचा धंदा बसला, शुल्क लावा, म्हणून सरकारकडे गेलेत."

"कोणाच्या खुर्च्या?"

मेव्हणा भिंतीलगत रचलेल्या चपट्या खोक्यांकडे पाहत राहिला.

खुर्चीवाल्यांनी हातातली पाठ खाली ठेवली. त्यांच्या मालाला आजवर कोणी स्वस्त म्हटलं नव्हतं. मग तिकडच्या संघाचा पुढारी कोण, असं त्यांनी विचारलं. मेव्हण्याने ऐकलं होतं ते सांगितलं. कोणी एक म्हातारा आहे, बापाचा कारखाना चालवतो, हाताखाली दोनच माणसं उरलीत, भाषण करताना रडला म्हणे.

खुर्चीवाल्यांना तो माणूस स्पष्ट दिसला. त्यांनी नाक शिंकरलं.

"बरोबर आहे त्याचं," ते म्हणाले. "पोटावर पाय आला की माणूस बोलणारच. त्याच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं."

मेव्हणा चपापला. "मग माल थांबवू का?"

खुर्चीवाल्यांनी पाठ पुन्हा उचलली आणि उजेडाकडे धरून नीट पाहिली.

"थांबवायचा कशाला? शुल्क लागायच्या आत जाईल तेवढा पाठवून दे."