सोमकुवर सरांनी न खोडलेली ओळ

आमच्या शेजारचे सोमकुवर सर एका लग्नात मठ्ठ्याच्या बादलीसमोर हात पसरून आडवे उभे राहिले होते. वरपक्षाची मंडळी ताटं घेऊन खोळंबली, आणि सर म्हणत होते, "इकून नाही जायचं. हा रस्ता बंद समजा. आता पाहू, तुमी मठ्ठ्यापावतर कसे पोचता." नवरदेवाचे मामा भांडायला उठले. शेवटी शीलाताईंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, दंडाला धरून त्यांना मांडवाबाहेर काढलं.

"काय करून राहिले होते सर?" मी विचारलं.

"जंतू पाहून राहिलो होतो, बाई," सर म्हणाले.

मला ते बाईच म्हणतात. सौंसरच्या मराठी शाळेत माझी सारी नोकरी गेली, आणि सरांची भिंत अन् माझी भिंत एकच आहे. सर पांढुर्ण्याच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवत. रोज बसनं जाणं, बसनं येणं, आणि येताना ज्यूसच्या गाड्यांवरून संत्र्याच्या सालींची पिशवी भरून आणणं. सालींच्या वासानं गल्लीतल्या बकऱ्या त्यांच्या मागं लागत. पिशवी डोक्यावर धरून बकऱ्यांना रसायनशास्त्रातल्या शिव्या देणारा प्राध्यापक मी तरी दुसरा पाहिला नाही.

हे वेड त्यांना सात-आठ वर्षांपूर्वी लागलं. लोकांच्या घरी जिथं टीव्ही असतो तिथं त्यांच्याकडे कॉम्प्युटर आहे, आणि त्यात त्यांचा जंतू. मी मोठ्या उत्साहानं बघायला गेले, तर नुसत्या रेघा आणि नावं.

"हा हलत नाही काय?"

"हलत नाही, बाई. हे त्याच्या पोटातलं गणित हाय." मग सरांनी माझ्याच अंगणात खडूनं गल्ल्या काढल्या. "असं पाहा. जंतूच्या पोटात हजारो गल्ल्या असते. साखर आत येते, गल्लीगल्लीनं फिरते, अन् तिचं काय काय बनत जाते. जंतूले एकच समजते, वाढाचं. आपल्याले त्याच्याकडून पाहिजे प्लास्टिकचा कच्चा माल, तोबी सालीच्या पाकापासून. मंग नेमक्या गल्ल्या बंद कराच्या. मतलब, आपला माल बनवल्याबिगर त्याले वाढताच नाही आलं पाहिजे."

"आणि मेला तर?"

"म्हणूनच तं कॉम्प्युटर! एकेक गल्ली बंद करून पाहाची. तो सांगते, जगते का मरते. ज्या बंद केल्या तरी जगते, त्यायची यादी कराची."

तेव्हापासून 'बंद करून पाहू' हे त्यांचं पालुपद झालं. एकदा माझ्या स्वयंपाकघराचं मागचं दार बाहेरून लावून घेतलं, मी नळावर कुठून जाते ते बघायला. एका शनिवारी जामसांवलीच्या फाट्यावर मारुतीच्या दर्शनाला निघालेल्या गाड्यांची रांग लागली होती. तिथं सरांनी ड्यूटीवरच्या पोलिसाला सांगितलं, "साहेब, हे बॅरिकेड जरा तिकडं सरकवा, बंद करून पाहू." पोलिसानं त्यांनाच सरकवलं. घरी आणायला शीलाताई गेल्या, नर्सच्या पांढऱ्या साडीत, लोधीखेड्याच्या दवाखान्यातून थेट.

सरांच्या यादीवरून खरे जंतू तयार करायचं काम दूरच्या एका प्रयोगशाळेत चाललं होतं. ते करणाऱ्या ज्योती मॅडमना सर कधी भेटले नव्हते, पण फोनवर रोज बोलत. ती यादी म्हणजे सरांच्या आठ वर्षांची कमाई होती.

मी लोणच्याची बरणी द्यायला गेले त्या दिवशी फोन स्पीकरवर होता. मॅडमचा आवाज थकलेला होता.

"सर, तुमच्या यादीतली एक गल्ली बंद केली की जंतू पाकात मरतात. सहा महिने मी माझीच चूक शोधत बसले. पाकात ती दुसरी साखर थोडी असते ना, दुधाच्या साखरेतला अर्धा भाग, ती त्यांना चालत नाही. हे तर जुन्या पुस्तकांतही आहे. तुम्हाला माहीत नव्हतं?"

सरांनी माझ्या हातातली बरणी घेऊन खाली ठेवली. मग म्हणाले, "माहीत होतं, मॅडम." आणि फोन ठेवून दिला.

चार दिवस ते दिसले नाहीत. पाचव्या दिवशी, शीलाताई ड्यूटीवर गेल्यावर, माझ्या ओसरीत येऊन बसले. चहा घेतला नाही.

"बाई, आमची पोरगी आठवते तुमाले?"

मला आठवत होती. अठ्ठावीस वर्षं झाली. रामाकोन्याला शीलाताईंच्या माहेरी झाली आणि आठव्या दिवशी ते तिला इथं घेऊन आले. पिवळी पडलेली, दूध पिलं की ओकायची. बारा दिवस जगली. नाव ठेवायचं राहूनच गेलं. गल्लीतल्या बाया म्हणाल्या, आईचं दूध बाधलं. शीलाताईंच्या तोंडावर म्हणाल्या. मी तिथंच उभी होते आणि काही बोलले नाही.

"तिच्यात तीच गल्ली बंद होती," सर म्हणाले. "जन्मापासून. एक खराब जीन शीलाकडून आला, एक माझ्याकडून. कोणत्याच आईचं दूध तिले चाललं नसतं, गाईचंबी नाही. मले हे वीस वर्षांनी एका पुस्तकात भेटलं. जंतूत अन् माणसात ती गल्ली सारखीच असते, बाई. तिथूनच लागलो मी या कामाले."

"मग कॉम्प्युटर ती गल्ली बंद केली तर काय सांगतो?"

"जगते म्हणते." सर म्हणाले. "कॉम्प्युटरातल्या गणिताचा नियमच हाय, जेवढं आत तेवढं बाहेर, मधात काही साचत नाही. पोरीच्या अंगात तं जहर साचलं. ते त्याले दिसत नाही. मी यादीतली त्या गल्लीची ओळ हातानं खोडाले पाहिजे होती. आठ वर्षं खोडली नाही. सकाळी मशीन लावली का पहिले तीच वाचू. जगते लिहिलेलं असे. बरं वाटे."

मी त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला.

"सोयाबीनचं दूध चाललं असतं तिले," ते म्हणाले. "शीलाच्या बापाच्या घरी त्या वर्षी सोयाबीनचे पोते रचून होते."

"शीलाताईंना सांगितलं?"

"कसं सांगू? सांगितलं तं म्हणन, मंग मीच पाजलं ना तिले. नाही सांगितलं तं आपलं दूधच खराब होतं समजून राहिली." ते माझ्याकडे बघत राहिले. "तुमी बसान काय सोबत? बोलू नका काही. नुसतं बसा."

रविवारी दुपारी मी बसले. सर वर्गात सांगतात तसं सांगत होते, हातात खडू, पण जमिनीवर एक रेघ काढता आली नाही. शीलाताई तूर निवडत होत्या. त्यांचा हात ताटात तसाच थांबला. तीस वर्षं नर्स असलेली बाई. तिला दुसऱ्यांदा समजावून सांगावं लागलं नाही.

"किती वर्षांपासून माहीत हाय तुमाले?"

"आठ."

त्यांनी ताट बाजूला सरकवलं. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"शेवटच्या दोन दिवसांत तिनं तोंडच लावलं नाही," त्या म्हणाल्या. "जवळ घेतलं का मान फिरवे. मले वाटलं, रुसली माझ्यावर. एवढीशी पोर, पण मले तसंच वाटलं. आतापावतर वाटत होतं."

"नाही शीला," सर म्हणाले. "त्या बिमारीत पिणं सुटते. ताकद राहत नाही. रुसली नव्हती ती."

"नव्हती ना?"

"नव्हती."

मग शीलाताई रडल्या. मीही त्यांच्याजवळ सरकले आणि अठ्ठावीस वर्षांपूर्वी जे बोलले नव्हते ते बोलले, उशिरा, अडखळत. त्यांनी माझा हात धरून ठेवला.

सर उठून कॉम्प्युटरपाशी गेले. ती ओळ त्यांनी खोडली. एका ओळीला किती वेळ लागावा? त्यांना लागला. (पुढं दुसरी गल्ली बंद करून मॅडमचे जंतू जगले, थोडाफार मालही बनवू लागले. पण ते नंतरचं.)

"त्या मॅडमले फोन लावा," शीलाताई तोंड धुऊन येत म्हणाल्या. "तिचे सहा महिने गेले. कायच्यापायी गेले ते तिले समजलं पाहिजे."

सरांनी फोन स्पीकरवर लावला. माफी मागितली. मग म्हणाले, "माझ्या मुलीले हेच झालं होतं, मॅडम. म्हणून माझ्यानं खोडवलं नाही." 'माझी मुलगी' हे शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले.

मग मॅडमनी विचारलं, "काय नाव होतं तिचं, सर?"

शीलाताई फोनजवळ वाकल्या.

"ठेवलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "पण मी तिले मैत्री म्हणत होती. मनातल्या मनात."

सरांनी बायकोकडे पाहिलं. हे त्यांनाही माहीत नव्हतं.